चंद्रहासरावांची टिकटिक

दुपारच्या झोपेतून चंद्रहासरावांना जाग आली, तेव्हा सुहासिनीबाईंचा कान त्यांच्या छातीवर होता. लग्नाला चौतीस वर्षं झाल्यामुळे त्यांना काळजीच वाटली.

"काय गं?"

"तुम्ही बंद पडलायत."

सहा वर्षांपूर्वी हृदयाची झडप बदलल्यापासून ते झोपेत टिकटिकत. ऑपरेशनची फाइल नागपूरला धाकट्या भावाकडे राहिलेली, पण शेजारच्या जयसिंगनं निदान केलं होतं, "मेटल का वॉल्व है, भाभीजी. मेरे साढ़ू का भी था. एक दिन टिकटिक बंद."

"फिर?"

"फिर क्या."

तेव्हापासून बाई त्या आवाजाच्या भरवशावर झोपत.

चंद्रहासरावांनी नाडी धरली. लागत होती. पण ते शास्त्रज्ञ. एकाच पुराव्यावर विसंबणं त्यांना पटेना. दोघं कान देऊन बसली. त्यांच्या अलीगंज वस्तीवर जानेवारीचं धुकं बसलं होतं, घरात काहीच वाजत नव्हतं. मग मात्र चंद्रहासरावांना धाप लागली.

इमर्जन्सीत डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीचं यंत्र पलंगाशी ओढलं आणि त्यांच्या छातीवर गार जेल थापलं. करड्या पडद्यावर काहीतरी तोंड उघडत होतं, मिटत होतं. ते आपल्याला काही सांगतंय, फक्त आवाज फुटत नाहीये, असं त्यांना वाटलं.

"वॉल्व बढ़िया खुल रहा है."

"पर टिकटिक बंद है," सुहासिनीबाई म्हणाल्या.

"कौन सी टिकटिक? ये मेटल का है ही नहीं, टिश्यू का है. इसमें आवाज़ नहीं होती."

"छह साल से…"

"कभी नहीं होती, आंटी."

बाई पलंगापासून एक पाऊल मागे सरकल्या.

"आज सकाळीच नवी कवळी बसवली," चंद्रहासराव घाईनं म्हणाले. "जुनी ऑपरेशननंतरच केलेली. सैल होती. श्वासागणिक हलायची."

घरी आल्यावर बाईंनी जुनी कवळी शोधून धुतली. "घाला."

"अगं, वॉल्व ठीक आहे म्हणाली ना ती?"

"तिला दिसलं. मला ऐकू यायला हवं."

दुसऱ्या दिवशी दुपारी टिकटिक सुरू झाली आणि बाई घोरू लागल्या. चंद्रहासरावांच्या हिरड्या दुखायला लागल्या. त्यांनी कवळी अलगद काढून उशाशी वाटीत ठेवली आणि डोळे मिटले.

टिकटिक चालूच होती.

त्यांनी वाटीकडे पाहिलं. श्वास रोखून पाहिला. वाटी गप्प झाली. बाईंचं घोरणंही थांबलं.

"अहो," डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "बंद नका पडू."

त्यांनी श्वास सोडला. वाटीत टिक झालं.