सोपानभाऊचा टॉवेल

मुलांनो, आपलं व्हिडिओवर बोलणं चालू असताना माझ्या मागून एक माणूस गेला. डोळ्यांखालचा सगळा चेहरा टॉवेलात. "आजी, तो चोर आहे का?" असं तुम्ही विचारलंत. चोर नाही. त्याला हसू आलं होतं.

तो सोपानभाऊ. आपल्या कुंपणापलीकडे त्याचं टोमॅटोचं रान आहे. त्याचे पुढचे दात नारायणगावच्या जीपमधल्या माणसांसारखे बसलेत: दोघांच्या जागेत चौघं, एक दुसऱ्याच्या मांडीवर, एक अर्धा बाहेर लटकलेला. फटींत अडकलेलं निघत नाही, हिरड्यांतून रक्त येतं. तोंडाला वास येत असेल या धास्तीनं तो माणसापासून हातभर लांब उभा राहतो. बाजारात भावावरून वाद घालायचा तर तोंड उघडावं लागतं, म्हणून मिळेल त्या भावाला माल देऊन येतो.

पहाटे मिशरी, मग कडुलिंबाची काडी, मग पेस्ट, वर लवंग.

"अरे, मिशरीनंच हिरड्या बिघडतात," मी सांगते.

"म्हनून तर वरनं पेस्ट लावतो, बाई."

गावात मात्र त्याचं नाव मोठं. लग्नाच्या पंगतीत तो कधी बसत नाही, भाताचं पातेलं घेऊन वाढत फिरतो. "आधी पावणं जेवू द्या." लोक म्हणतात, केवढा सेवाभाव. शेवटची पंगत उठली की तो मांडवामागे भिंतीकडे तोंड करून जेवतो, ते फक्त मी पाहिलंय.

यंदा मनीषाचा, त्याच्या एकुलत्या लेकीचा, साखरपुडा ठरला आणि सोपानभाऊची झोप उडाली. मुलाकडचे आणे गावचे. साखरपुड्यात व्याही व्याह्याला पेढा भरवतो, सगळ्यांसमोर, आणि फोटोवाला ओरडत असतो, "तोंड उघडा."

"बाई, त्यो मानूस पार तोंडापाशी येनार. वास आला अन् त्यांनी मनात धरलं तर? पोरीला जन्मभर तिथं नांदायचंय."

"असं काही होत नसतं."

"उपास हाये म्हनू का?"

"पेढा उपासाला चालतो."

तो पायरीवर मटकन बसला. सराव म्हणून मी त्याच्यापुढे बिस्कीट धरलं. त्याने टॉवेल न काढताच मान पुढे केली.

साखरपुड्याला व्याह्यांनी पेढा उचलला. सोपानभाऊ एक पाऊल मागे. "आधी तुमी घ्या." व्याह्यांनी खाल्ला, दुसरा उचलला. टॉवेल नाकापर्यंत चढला. व्याह्यांच्या कपाळावर आठी पडली.

तेवढ्यात मनीषा हसली. तोंडावर हात न धरता, खळखळून. "आबा, पेढा हाये त्यो, इंजेक्शन न्हाई."

सोपानभाऊ तिच्याकडे बघत राहिला. तिचे ते सरळ, स्वच्छ दात. बघता बघता टॉवेलाचा हात खाली आला, त्याचं तोंड आपोआप उघडलं आणि व्याह्यांनी पेढा आत सारला.

पाहुणे गेल्यावर मी विचारलं, "लहानपणी मनीषाचे दात तुझ्यासारखेच होते ना रे?"

"व्हते की. सातवीत असताना हसली की ओढनी तोंडाला लावायला लागली. म्हनलं, ह्ये नाय चालायचं. दर महिन्याला जीपनं नारायणगावला नेली, दाताच्या डॉक्टरकडं. तार बसवली. एका घरात एक टॉवेल लई झाला."

"डॉक्टर तुला काही म्हणाले नाहीत?"

"म्हनले, तुमी बी बसा खुर्चीत. म्हनलं, आधी तिचं व्हऊ द्या."

"मग, आता झालं की तिचं."

त्याने टॉवेलाची घडी केली, पुन्हा मोडली. "आता ती आण्याला चालली. तिची आई तर कवाच गेली. घरात मला हसवायला हाये कोन, बाई?"

दवाखान्यात त्याचा नंबर मी लावून ठेवला आहे, नेईनही. पण रविवारी तुमचा फोन आला की मी त्याला हाक मारणार आहे. एखादा विनोद तयार ठेवा. टॉवेल वर जाईल. लगेच फोन ठेवू नका.