उलट्या नावाचं ताट

रायपूरच्या आमच्या ब्राह्मणपाऱ्यात शेजारी भाजीची वाटी पाठवली, तर ती धुऊन परत येते. नोराकडे पाठवली, तर ती छापून परत येते. वाटी रिकामी परत करायची नसते, हे तिला सासूनं शिकवलं. म्हणून ही बाई वाटीत त्याच वाटीचा छापा घडी करून ठेवते. वर म्हणते, "काकू, तुमच्या वाटीचा फोटो आहे. सांभाळून ठेवजा."

नोरा म्हणजे आमच्या शेजारच्या प्रमिलाताईंची सून. अमेरिकेची, खरीखुरी. तिकडे ती छापे काढणारी चित्रकार होती. सासरे गेले, तसा तिचा नवरा पराग आईजवळ राहायला रायपूरला परत आला आणि त्याच्यामागे ही शाईचे डबे घेऊन आली. पहिल्याच सकाळी तिनं स्वयंपाकघरात अशी किंकाळी फोडली की मला वाटलं, पाल पडली अंगावर. धावत जाऊन पाहते तर हातात स्टीलचं ताट! आपण लग्नामुंजीत भांडं देतो तर नाव कोरून देतो, त्यात किंचाळण्यासारखं काय आहे? पण तिचं म्हणणं, तिकडे धातूवर कोरणं शिकायला लोक कॉलेजात जातात, "आणि तुमी त्याच्यावर वरण वाढून राहिले!"

झालं. ताटावर शाईचा रूळ फिरवायचा, पातळ कागद ठेवायचा, वरून डावाच्या पाठीनं घासायचं. कागदावर काळ्या शाईत पांढरं नाव उमटतं, तेही उलटं. आम्ही कागद उजेडात धरून मागच्या बाजूनं वाचतो. नोराला गरज नाही. देवनागरी ती या छाप्यांवरच शिकली, त्यामुळे उलटं नाव भराभर वाचते आणि दुकानाची सुलटी पाटी वाचताना अडखळते.

तिच्या तावडीतून काही सुटलं नाही. झारा, किसणी, चकलीचा सोऱ्या, माझ्या ह्यांची रबरी चप्पल. एकदा प्रमिलाताईंच्या घरचा चहा काळपट दिसला, तेव्हा मी गाळणी उजेडात धरली आणि कपाळावर हात मारला. ताई रोज चिंच घेऊन भांडी घासायच्या आणि ओरडायच्या, "काय वो नोरा, हे घर आहे का छापखाना?" ती शांतपणे म्हणायची, "हव आई, दोन्ही आहे."

आणि मराठी? आमच्या घरचे पोट्टे आजीला हिंदीत उत्तर देतात. माझी नात एकदा नोराला म्हणाली, "आंटी, आप हिंदी में बोलिए ना." नोरानं विचारलं, "काहून वो पोट्टी?" मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी आपण होऊन तिला माझ्या आईचं पातेलं दिलं.

त्या पातेल्याचा छापा मात्र मी पुन्हा पुन्हा पाहिला. नावाभोवती बारीक पांढऱ्या रेघाच रेघा, गोल गोल. नोरा म्हणाली, "काकू, हे घासण्याचे ओरखडे. तुमच्या आईचा हात दिसून राहिला ना?" दिसत होता हो. मी रडले, उगाच कशाला खोटं बोलू.

पुढे तेलीबांधा तलावाजवळ एका हॉलमध्ये तिचं प्रदर्शन लागलं. चांगले चांगले लोक गाड्या घेऊन आले आणि आमची भांडी मान वाकडी करून बघू लागले. मी माझ्या आईच्या पातेल्याशेजारीच उभी राहिले आणि येईल त्याला सांगितलं, "हे आमचं!" एका बाईनं नोराला विचारलं, "इनमें आपका बर्तन कौन सा है?"

नोरा हसली. "मेरे नाम का कोई नहीं है."

नसणारच. लग्न झालं तिकडच्या कोर्टात. ताई तेव्हा रुसलेल्या. ना इकडे पंगत उठली, ना कोणी भांडं दिलं. घरात सासऱ्यांचं नाव, आजेसासूचं नाव, कुठल्या कुठल्या मावसबहिणींची नावं. हिचंच नाही. हसली खरी, पण नंतर खुर्चीवर बसून राहिली आणि तिचा चहा तसाच निवला. ताईंनी ते पाहिलं. मीही पाहिलं.

धनतेरसच्या सकाळी ताई माझ्या दारात उभ्या. "चला माह्यासंग, ताट घेऊ." ताट घेतलं. नाव कोरणाऱ्यापुढे त्यांनी एक कागद ठेवला. तो म्हणाला, "माताजी, ये तो उल्टा लिखा है."

"उल्टाच पाहिजे."

"लोग हँसेंगे माताजी, बोलेंगे कारीगर अनपढ़ है."

"हँसने दो. कागज पे सीधा आएगा." इतकी वर्षं छापखाना म्हणून ओरडणारी बाई सगळं शिकून बसली होती! मला तर तिथंच त्यांना मिठी मारावीशी वाटली.

रात्री जेवायला मलाही बोलावलं. नोरापुढे ते ताट आलं. परागनं वाकून पाहिलं, त्याला काही वाचता येईना. नोरानं मात्र एका नजरेत वाचलं, मोठ्यानं: "नोराले, आईकडून."

ताई हातातला डाव खाली ठेवून म्हणाल्या, "जा, आण तुह्यी शाई. मी थांबते वाढायची."

नोरानं ताट दोन्ही हातांनी छातीशी धरलं. "नाही आई. हे छापायचं नाही. याच्यात मी जेवीन."

"अवो, मंग उलटं कायले कोरून घेतलं मी? दुकानात हसं झालं माह्यं!"

"मले वाचता येते ना," नोरा म्हणाली आणि ताट पुढे केलं. "वाढा. भूक लागली."