निळ्या कोटाला काळी शिलाई

“डोळे सगळ्यांनाच असतात, दाजी. नजर लाखात एखाद्यालाच!” असं म्हणत भिंगराव ऐटीत खुर्चीवर बसला आणि किंचाळत उठला. खुर्चीवर टाचण्यांची उशी होती.

एरवी मेहुण्याच्या या हेरगिरीवर शिंपी पोट धरून हसला असता. पण आज त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. वीज वाचावी म्हणून दुकानात नवे एलईडी बल्ब लावले आणि तेव्हापासून गिऱ्हाइकं कपडे परत आणू लागली. निळ्या कोटाला म्हणे काळी शिलाई! आज तर नवरदेवाचाच कोट परत आला होता आणि लग्न संध्याकाळवर. उभा जन्म सुईदोऱ्यात गेलेल्या माणसाला आता डोळेच दगा देतायत की काय, ही धास्ती त्याने बायकोलाही सांगितली नव्हती.

“यात कट आहे,” भिंगराव कुजबुजला.

“शिंप्याच्या दुकानात दुसरं काय असणार?” शिंपी सुस्कारला.

पहिला संशय समोरच्या शिंप्यावर. तोच रिळं बदलत असणार! भिंगराव चौकशीला गेला आणि पँटचं माप देऊन आला. “माणूस फार गोड आहे. म्हणूनच संशय वाढतो.”

मग दोराच रंग पालटत असेल, म्हणून त्याने तो चोखून पाहिला. जीभ होती तशीच राहिली. शेवटी तो ट्रायल रूमच्या पडद्याआड दबा धरून बसला आणि “सापडलास!” म्हणत एकाची मानगूट धरली. तो नवरदेव होता, कोट घालून बघायला आलेला.

आरडाओरडा ऐकून शिंप्याची बायको आतून धावत आली. नवरदेवाची मान सोडवून तिने कोट आणि रीळ उचललं आणि उंबऱ्याबाहेर उन्हात धरलं.

“अहो, हा दोरा निळा कुठाय? चांगला काळाकुट्ट आहे! या बाहेर.”

शिंपी बाहेर गेला. काळा. आत आला. निळा. पुन्हा बाहेर. तो पायरीवर मटकन बसला आणि हसतच सुटला.

“म्हणजे माझे डोळे शाबूत आहेत!”

“डोळ्यांना काय झालं होतं?” तिने विचारलं. त्याने सगळं सांगितलं, तशी ती भडकलीच. “आणि एकटेच घाबरत बसलात? मी काय मेले होते? मशीनवर तेवढा चांगल्यातला बल्ब आणा. हा नवा मेला काळ्यालाही निळं दाखवतो, सगळ्या रंगांना एकाच मापाने मोजतो.”

मशीन दारात ओढलं गेलं. उन्हात निळा दोरा निवडून शिंपी कोट शिवू लागला. नवरदेव मान चोळत शेजारी बसला.

“मी म्हणतच होतो, गुन्हेगार आतलाच आहे,” भिंगराव बल्बखाली स्टुलावर चढत म्हणाला. “याला आत्ता खाली उतरवतो.”

“आधी बटण बंद कर,” त्याची ताई म्हणाली.

त्याने पंखा बंद केला.