नववी खुर्ची

आमच्या मारेगावचे सुखदेव मिस्त्री कुठेही गेले, की आधी तिथल्या सगळ्या खुर्च्यांवर बसून पाहतात. बँकेत गेले तर रांगेत पिशवी ठेवतात आणि एकेका खुर्चीवर बसत सुटतात. एकदा ताप घेऊन डॉक्टरकडे गेले. पेशंटच्या बाकावर बसले, कंपाउंडरच्या स्टुलावर बसले, आणि डॉक्टर हात धुवायला उठले तेवढ्यात त्यांच्याही खुर्चीवर जाऊन बसले. डॉक्टर परत आले तर हे डोळे मिटून म्हणतात, "सायब, खुर्ची डाव्या अंगानं दबून राह्यली. तुमची कंबर दुखत असन." डॉक्टरांची कंबर महिनाभर दुखत होती. त्या दिवशी कोणी कोणाला तपासलं, ते आम्हा शेजाऱ्यांना अजून ठरवता आलेलं नाही.

"माणूस खोटं बोलते, बूड नाही बोलत," हे त्यांचं ठरलेलं बोलणं. समोर बाया असोत की पाहुणे, ते बोलणारच. मी तोंडाला पदर लावते. त्यांचं घर आणि आमचं घर भिंतीला भिंत, म्हणून मी त्यांना भाऊजी म्हणते.

पुतण्यासाठी मुलगी पाहायला त्यांना उमरखेडला नेलं होतं. मुलगी पोह्यांचं ताट घेऊन बाहेर आली तर भाऊजी जमिनीवर आडवे, आणि सोफा उलटा. "पोरगी चांगली हाये, घर चांगलं हाये. फक्त सोफ्याचा एक पाय लबाड हाये," असं म्हणून त्यांनी तिथल्या तिथे पाचर ठोकून दिली. आमच्या लोकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मुलीचे वडील म्हणाले, ज्या घरातला माणूस सोफ्याचं लपवत नाही, ते घर पोराचं काय लपवणार? लग्न तिथेच ठरलं.

खुर्ची करायची त्यांची रीतही वेगळी. ज्याची खुर्ची, त्याला आधी विटांवर बसवायचं. एक वीट घालायची, एक काढायची. टाच जमिनीला पूर्ण टेकली, की बांबूची कामटी त्याच्या पायाला लावून पटाशीने खाच पाडायची. मग कोपराची खाच, मग पाठीची. फूट नाही, इंच नाही. एक माणूस, एक कामटी.

मी जिनिंगच्या ऑफिसात झाडपूस करते आणि चहा करते. त्या साली बोंडअळीने कापूस खाल्ला होता. गाड्या येत नव्हत्या, आणि घरात दार-खिडकी करायला मिस्त्रीला कोणी बोलवत नव्हतं. भाऊजींची करवत दिवाळीपासून खुंटीला होती. तेवढ्यात आमच्या छोट्या शेठनी ऑफिस नवं करायचं काढलं. बाहेरचे व्यापारी येतात, ते ऑफिस पाहून भाव बोलतात, असं त्यांचं म्हणणं. नागपूरहून एक मॅडम आल्या. त्यांनी भिंती पाडून एकच मोठा हॉल करायचं ठरवलं. मध्ये काचा, कोपऱ्यात प्लास्टिकची झाडं. लाकूडकाम भाऊजींना मिळालं. वर्षभराचं पोट निघेल एवढं काम होतं.

मॅडमनी आधी चित्रं दाखवली. मोठ्या शहरांत आता उंच टेबलं असतात, लोक उभ्याने काम करतात. भाऊजी चित्र उलटं-सुलटं करून म्हणाले, "उभंच ठेवाचं हाये तं पगार देऊन माणूस कायले ठेवता? खांब गाडा."

मग मॅडमनी पाहुण्यांना बसायला एक मोठी मऊ पिशवी मागवली. हात नाहीत, पाय नाहीत, आत बारीक गोळ्या. भाऊजी बसले आणि कमरेपर्यंत आत गेले. दोघांनी ओढून काढलं. "हे बसणं नाही, हे तं गाळात रुतणं झालं," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती पिशवी कोणीतरी दाराशी ठेवली, आणि हमालांनी सरकीचं पोतं समजून ती ट्रकमध्ये टाकली. ट्रक वणीच्या पुढे गेल्यावर कळलं. हमाल म्हणाला, "तरी मी म्हणलं, यंदाची सरकी लयच हलकी!"

खरं भांडण झालं ते कागदावरून. मॅडमनी हॉलचा नकाशा काढला होता. प्रत्येकाच्या जागी चौकोन, चौकोनात नाव. भाऊजींनी बोटाने चौकोन मोजले. मग मान वर करून माणसं मोजली.

"माणसं नऊ हायेत. खुर्च्या आठ."

"माणसंही आठच हायेत," छोटे शेठ म्हणाले. "बरोबर मोज."

"अन् हे?" भाऊजींनी माझ्याकडे बोट केलं. मी ट्रे घेऊन भिंतीला टेकून उभी होते. पाय तिथेच जमिनीत गेले तर बरं, असं मला झालं.

सगळे हसले. वजनकाट्यावरचे काटाबाबू म्हणाले, "अरे मिस्त्री, बाई बसन तं चहा कोन देईन?"

"चहा देतानी उभी राहीन. उरलेल्या टायमाले काय हवेत राह्यते?"

"दिमाग खराब हाये का तुझा?" छोटे शेठ चिडले. "जेवढं कागदावर हाये तेवढं कर."

भाऊजींनी कानावरची पेन्सिल काढून खिशात टाकली. "कागदावर नववी खुर्ची काढा, मंग फळी कापतो." आणि ते चालू लागले.

चार दिवस काम बंद. छोटे शेठ मला म्हणाले, "तुझ्यापाई अडलं हे. सोमवारी लोहाऱ्याच्या कारखान्यातून तयार खुर्च्या आणतो. मिस्त्रीलेही सुट्टी, तुलेही."

मी तशीच भाऊजींच्या घरी गेले. ते भिंतीवरच्या कामट्या पुसत बसले होते. "भाऊजी, मले नको खुर्ची. मी अकरा वर्सं उभीच हावो. तुमचं काम जाईन, माह्यं बी जाईन."

ते फडकं घेऊन उठले. मला कामट्या दाखवू लागले. ही बड्या शेठची, ही शाळेच्या हेडमास्तरची, ही पोस्टातल्या बाबूची. अर्धं मारेगाव त्या भिंतीवर टांगलेलं होतं.

मी सहज विचारलं, "अन् कमलताईची कोनती?" कमलताई म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

भाऊजी फडकं झटकत राहिले. "तिची नाई. म्हने, मी बसते उंबऱ्यावर, तुमी पहिले लोकायचं काम करा. मी तसंच केलं." मग त्यांनी एक कोरी कामटी माझ्या हातात दिली. "माह्यासमोर तू विटांवर बसाची नाई, मले मालूम हाये. घरी बसून तूच खाच पाड."

सोमवारी कारखान्याच्या गाडीआधी मॅडम आल्या. छोट्या शेठनी सगळं हसत सांगितलं. मॅडमही थोडं हसल्या. मग मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही जेवायला कुठे बसता?"

मी त्यांना मागच्या खोलीत नेलं आणि पालथा घातलेला तेलाचा डबा दाखवला. मॅडम डब्याकडे पाहत उभ्या राहिल्या. मग त्यांनी तिथेच भिंतीला नकाशाचा कागद लावून एक प्लास्टिकचं झाड खोडलं आणि त्या जागी चौकोन काढला. चौकोनात नाव लिहिलं. मी चौथी शिकलेली आहे. मला ते वाचता आलं. सिंधूताई.

छोटे शेठ म्हणाले, "मॅडम, बाईसाठी..." मॅडम म्हणाल्या, "चूक माझी आहे. मोजायला मीच चुकले."

कारखान्याची गाडी परत गेली. दुपारी खुंटीवरून उतरलेली करवत हॉलमध्ये चालू झाली, तो आवाज मी चहा गाळताना ऐकला.

ऑफिसची पूजा झाली त्या दिवशी भाऊजींनी माझी खुर्ची स्वतः आणून त्या खोडलेल्या झाडाच्या जागी, शेगडीजवळ ठेवली. सगळे प्रसादात गुंतले होते. मी हळूच बसले. दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या. पाठ जिथे दुखते, तिथेच नेमकी फळी आली.

मला रडू आलं, कारण मी त्यांना खोटी कामटी दिली होती. खुर्ची लहान असली तर कोणाच्या डोळ्यांत येणार नाही, म्हणून प्रत्येक खाच दोन बोटं खाली पाडली होती.

"सिंधू, एवढं लहान मानूस नसते," भाऊजी म्हणाले.

"मंग खरं माप कुठून आनलं?"

ते खुर्चीचा हात पुसू लागले. पुसायला काही नव्हतं. "तू अन् कमल ओट्यावर बसत होत्या नं. दोघींचे पाय एकाच पायरीले टेकत. मी रंधा मारता मारता पाहत राहो."

बाहेरून छोट्या शेठनी आवाज दिला, "बाई, चहा!"

मी उठणार, तर भाऊजींनी हात आडवा केला. "बस जराशी," ते म्हणाले. "पाहू दे."

मी बसूनच मोठ्याने सांगितलं, "उकळून राह्यला, शेठ!"

चहा केव्हाच उकळला होता.