उजवीकडे म्हणजे जास्त

इनायतच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं हिंदुराव स्वतःला सांगत असत. खरं म्हणजे राहून गेलं नव्हतं. सात महिने ते रोज आठवणीनं उत्तर देत नव्हते, आणि त्याला बरीच मेहनत पडत होती. पत्र नजरेस पडू नये म्हणून ते पुस्तकात ठेवायचं, पुस्तक दिसू नये म्हणून कपाटात ठेवायचं, आणि मग कपाटाकडे पाठ करून बसायचं. एवढ्या वेळात दहा पत्रं लिहून झाली असती.

नाव हिंदुराव असलं तरी माणूस तसा नव्हता. नाव ऐकून लोक चिखलीतल्या त्यांच्या घराच्या पायऱ्या जरा दबकून चढत, आणि दार उघडणारा, चष्म्याआडून बिचकणारा बारीक माणूस पाहून ‘हिंदुराव आहेत का घरी?’ असं त्यांनाच विचारत. एकदोनदा तर त्यांनी ‘नाहीत’ म्हणून सांगितलं होतं.

चाकणच्या एका गिअरच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं तपासनिसाचं काम केलं. माल मोजायचा, बरोबर असेल तर कागदावर सही करायची, नसेल तर करायची नाही. इनायत तिथेच भट्टीवर होता. कंपनीच्या बसमध्ये अठ्ठावीस वर्षं दोघं एकाच बाकावर बसले. इनायत डावीकडे, खिडकीशी. तो बोलायचा आणि हिंदुराव ऐकायचे. दुपारी इनायतच्या बायकोनं, रहिमाबीनं, दिलेला डबा दोघं मिळून खायचे. रिटायर झाल्यावर इनायत बायकोला घेऊन उदगीरला गावी गेला, आणि हिंदुराव पुस्तकांत गेले.

पत्र असं होतं: ‘हिंदुरावभाऊ, आमचा मोईज लग्नाच्या शूटिंगची कामं करतो. त्यानं मला आणि रहिमाला समोरासमोर बसवून कंपनीच्या दिवसांबद्दल बोलायला लावलं आणि ते रेकॉर्ड केलं. तुझ्या फोनवर पाठवलं आहे. त्यात तुझं नाव आहे, म्हणून आधी तू ऐक. तू हो म्हणालास तर सगळ्या जुन्या मंडळींना पाठवू. फोनवर तू नुसतं हं हं करतोस, म्हणून पत्रानंच कळव. उत्तर आलं नाही तर समजेन, तुला आवडलं नाही. मग पुन्हा त्रास देणार नाही.’

त्या दुपारी हिंदुराव मोठ्या हौसेनं ऐकायला बसले होते. त्याआधी त्यांनी फोन नीट लावून घेतला. अक्षरं बारीक दिसत होती, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन अक्षरांच्या रेघेवरचा ठिपका उजव्या टोकाला नेला. आवाजाचाही नेला. खाली आणखी एक रेघ होती, तिचा ठिपका बरोबर मधोमध अडकलेला. तोही त्यांनी टोकाला नेऊन ठेवला. नोकरीची पहिली दोन वर्षं त्यांनीही भट्टीवरच काढली होती, आणि तिथे खटका कसलाही असो, उजवीकडे म्हणजे जास्त, हे त्यांच्या हाताला कायमचं ठाऊक झालं होतं. मग इअरफोन घेतला, त्यावरची अक्षरं चष्मा पुसून वाचली, एल डाव्या कानात, आर उजव्या कानात घातला आणि डोळे मिटले.

डाव्या कानात काहीच वाजलं नाही. उजव्या कानात रहिमाबी म्हणाली, “हिंदुरावभाऊंचं सांगू का?”

हिंदुराव गालात हसले. मग बराच वेळ शांतता. मागे कुठेतरी पंखा घरघरत होता.

“हो तर,” रहिमाबी म्हणाली, “एक नंबरचा भित्रा माणूस.”

पुन्हा पंखा.

“दुसऱ्याच्या डब्यातलं खायचं आणि वर मीठ कमी म्हणायचं. माझ्या डब्याला.”

हिंदुरावांचे कान तापले. एकदा, फक्त एकदा, त्यांच्या तोंडून मिठाबद्दल निघून गेलं होतं, आणि त्याबद्दल ते अजून मनातल्या मनात माफी मागत असत.

“येत काय होतं त्याला? कागद घेऊन इकडून तिकडे फिरायचा नुसता.” पंखा. “मी तर सांगितलंच होतं, घरी आणू नका म्हणून.”

चौथ्या मिनिटाला हिंदुरावांनी फोन बंद केला. रहिमाबीच्या बोलण्याचं त्यांना तेवढं वाटलं नाही. ती म्हणत होती ते बरंचसं त्यांना पटतही होतं. पण इनायत समोर बसून सगळं ऐकत होता आणि एका शब्दानं मध्ये पडला नव्हता, हे मात्र त्यांना लागलं. यावर उत्तर काय लिहायचं? ‘आवडलं, सगळ्यांना पाठवा’?

सुमनताईंना, म्हणजे बायकोला, त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. डाव्या कानाचं मात्र लपवता येईना. ते दुपारी फोनवर पुस्तकं ऐकत, आणि डावी बाजू मुकीच राहिली. इअरफोन खराब असेल म्हणून ते चौकातल्या तौफिकच्या मोबाइलच्या दुकानातून दुसरा घेऊन आले. त्याचीही डावी बाजू मुकी. पण तक्रार करायची म्हणजे तौफिकला खोटं पाडल्यासारखं होईल, या संकोचानं त्यांनी जाऊन आणखी एक विकत घेतला. तौफिक आदरानं म्हणाला, “काका, घरात पाव्हणे आलेत वाटतं.” हिंदुराव हो म्हणाले.

तिसऱ्यालाही डाव्या बाजूनं ऐकू येईना, तेव्हा तपासनिसाच्या हिशेबानं निकाल स्पष्ट होता. तीन नग, तिन्हींत एकच दोष, म्हणजे दोष नगात नाही, तपासणाऱ्यात आहे. डावा कान गेला.

इअरफोन उलटा घालून बघावा, हे कुणालाही सुचलं असतं. हिंदुरावांना ते सुचणं शक्य नव्हतं. ज्या बाजूची खूण असेल ती वस्तू त्याच बाजूला बसवायची, यावर त्यांनी एकतीस वर्षं पोरांना रागावून, म्हणजे हळू आवाजात समजावून, सांगितलं होतं.

निगडीच्या कानाच्या डॉक्टरांनी त्यांना काचेच्या खोलीत बसवलं आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. नंतर म्हणाले, दोन्ही कान उत्तम आहेत, या वयात असे बघायला मिळत नाहीत. हिंदुरावांना ते पटलं नाही. आपण बटण भिडेखातर दाबलं असणार, डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून.

मग घरात बहिरेपणाची व्यवस्था सुरू झाली. ते डावं अंग भिंतीकडे करून बसू लागले. सुमनताई उजवीकडून बोलू लागल्या. त्या जाधववाडीच्या, बोलणं अजून माहेरचंच. पंधरा दिवसांनी वैतागून म्हणाल्या, “अवो, सैपाकघरात कुकरच्या शिट्ट्या मोजता, त्या कंच्या कानानं?”

“उजव्या.”

“आन् मगाशी डाव्या अंगानं मी हळूच पुटपुटले, त्ये कसं ऐकू आलं?”

“काय पुटपुटलीस?”

“न्हाई सांगत.”

हिंदुराव विचारात पडले. ती काय पुटपुटली होती ते त्यांनी नीट ऐकलं होतं. पण ते शब्द त्यांना लागू पडत असल्यानं, ते आपल्याच मनात आले असावेत असं त्यांना वाटलं होतं.

असे सात महिने गेले. मग एका रविवारी दुपारी सुमनताईंना कपाट आवरताना ते पुस्तक सापडलं, पुस्तकात पत्र सापडलं. त्यांनी ते उभ्या उभ्या वाचलं आणि नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“इनायतभावजींचं पत्र, आन् त्याला उत्तर न्हाई? माझ्या बाळंतपणात रहिमा म्हयनाभर डबा धाडत व्हती. काय झालं काय?”

हिंदुरावांनी सगळं सांगितलं. सांगताना भित्रा हा शब्द त्यांनी गाळला, मग प्रामाणिकपणे पुन्हा घातला. सुमनताई म्हणाल्या, रहिमा असं बोलायची न्हाई, मला ऐकवा. आणि त्यांनी हातातून इअरफोन ओढून घेऊन, अक्षरं वगैरे न बघता, दोन्ही बोंडं कानांत खुपसली.

“उलटं घातलंस,” हिंदुराव कळवळून म्हणाले.

“गप बसा.” थोडा वेळ ऐकून त्या म्हणाल्या, “ह्या उजव्या कानात कायच येत न्हाई.”

हिंदुराव पुढे वाकले. “तुझाही गेला?”

सुमनताईंनी त्यांच्याकडे बघितलं. ती नजर लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावरच येते. मग त्यांनी बोंडं काढली, नवऱ्याची मान धरली, आणि एल लिहिलेलं उजव्या कानात, आर लिहिलेलं डाव्या कानात बसवलं. हिंदुराव जीव मुठीत धरून बसले. चुकीच्या बाजूला चुकीचा नग. आणि सात महिने मेलेल्या डाव्या कानात रहिमाबी स्वच्छ आवाजात म्हणाली, “एक नंबरचा भित्रा माणूस.”

एखाद्याला इतकं वाईट ऐकून इतका आनंद क्वचितच झाला असेल.

पाच मिनिटांत दोघं तौफिकच्या दुकानात होते. या वेळी बोलणं सुमनताईंनी केलं, म्हणून काय बिघडलं आहे ते दुकानदाराला पहिल्यांदाच कळलं. त्यानं फोन घेतला, दोनचार ठिकाणी बोट लावलं आणि थांबला.

“काका, ही रेघ डाव्या-उजव्या कानाची आहे. मधोमध असली की दोन्हीकडे सारखा आवाज. ही पार उजव्या टोकाला कुणी नेली?”

“मीच,” हिंदुराव म्हणाले. “मला वाटलं, जास्त ऐकू येईल.”

तौफिक हसला नाही. यासाठी हिंदुराव त्याचे कायमचे ऋणी राहिले. त्यानं ठिपका मधे आणला, रेकॉर्डिंग लावून स्वतः थोडं ऐकलं आणि म्हणाला, “यात दोघांना वेगवेगळे कॉलरचे माइक लावलेत. चाचांचा आवाज डाव्या बाजूला, चाचींचा उजव्या. तुम्ही आजवर फक्त चाचींनाच ऐकलं.”

“मग तो पंखा?”

“पंखा कुठला? चाचींच्या माइकमध्ये लांबून येणारा चाचांचा आवाज असेल तो.”

दुकानातल्या स्टुलावर बसून हिंदुरावांनी पुन्हा ऐकलं. एल डावीकडे, आर उजवीकडे. रहिमाबी म्हणाली, “हिंदुरावभाऊंचं सांगू का?” आणि डाव्या कानात, बसमध्ये जिथून यायचा तिथूनच, इनायतचा आवाज आला, “थांब, त्याचं शेवटी. आधी त्या कुलथे साहेबाचं सांगू. तो साहेब म्हणजे...”

“हो तर, एक नंबरचा भित्रा माणूस.”

डबा कुलथे साहेब उघडून खायचे. मीठ कमी कुलथे साहेब म्हणायचे. घरी आणू नका म्हटलं होतं ते कुलथे साहेबांना. हिंदुराव हसत सुटले. मग अठराव्या मिनिटाला ते हसायचे थांबले.

“त्या साहेबाला एकाच माणसानं अडवलं,” इनायत सांगत होता. “अख्खा लॉट खराब, गाडी गेटवर उभी, साहेब म्हणतो सही कर. आमचा हिंदुराव दोन्ही हात मागे घेऊन उभा राहिला. सगळं खातं बघत होतं. पेन डाव्या कानावर खोचलेलं, साहेबाला समोर दिसत होतं, पण त्यानं पेनाला हात लावला नाही. एक शब्द बोलला नाही. दहा मिनिटांनी साहेबच निघून गेला.”

“शेर माणूस,” रहिमाबी म्हणाली.

घराचा जिना चढताना हिंदुराव म्हणाले, “डाव्या कानावर होतं होय.”

“काय?”

“पेन. अठरा वर्षं मी विचार करतोय, गेलं कुठे.”

मग त्यांनी कबूल केलं. त्या दिवशी ते सही करणारच होते. नको असताना, पण करणार होते. पण खिशात पेन सापडेना. हात मागे घेतले होते ते मागचे खिसे चाचपायला. आणि साहेबांकडे पेन मागायची हिंमत झाली नाही, म्हणून गप्प उभे राहिले. आता इनायत हे सगळ्या कंपनीला ऐकवणार, आणि ते हो म्हणाले तर लबाडी, नाही म्हणाले तर इनायतला वाटणार, आवडलं नाही.

त्यांनी कागद घेतला आणि खरं होतं तसं लिहून काढलं. सात महिन्यांच्या उशिराची माफी, फोनची रेघ, कान, पंखा, पेन, सगळं. शेवटी लिहिलं, ‘तेव्हा अठराव्या मिनिटाचा भाग काढून टाक. बाकी सर्वांना पाठव.’ पत्र सुमनताईंच्या हाती दिलं. त्यांनी ते बोट फिरवत वाचलं.

“मंग लॉट ग्येला का?”

“नाही गेला. गोदामातून दुसरं पेन आणलं मी, चार वाजता. पण तोवर सगळा माल पुन्हा मोजून काढला होता. खराबच होता.”

“म्हंजी पेन आल्यावर तरी सही केली व्हय?”

“खराब मालावर कशी करणार?” हिंदुराव म्हणाले, आणि चष्मा काढून पुसू लागले. हे त्यांना अठरा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी स्वतःही नाही.

सुमनताईंनी पत्र टेबलावर ठेवलं आणि त्या चहा टाकायला आत गेल्या. हिंदुरावांनी शेवटचं वाक्य खोडलं. मग लिहिलं, ‘पेन मला दिसलं नव्हतं, एवढं मंडळींना सांग. नंतर दुसरं मिळालं, तेव्हाही सही केली नाही. तो भाग राहू दे.’

चहा न पिताच ते पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले. पत्ता दोनदा वाचला, तिकीट अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि पाकीट फटीतून सोडलं. तळाशी पडल्याचा आवाज झाला असं वाटलं, पण खात्री होईना. इकडे तिकडे बघून त्यांनी पेटीला आधी उजवा कान लावला, आणि मग डावा.