राखीव सत्तर

सत्त्याऐंशी साली संत्रा बागायतदार संघाच्या नागपूर कचेरीत कॉम्प्युटर आला, आणि मशीन माणसाला नावाने नव्हे, नंबराने ओळखतं हे सगळ्यांना कळलं. मधुसूदन हा नवा ऑपरेटर. येईल त्याला त्याने रांगेने नंबर दिले. कनिष्ठ कारकून ताराचंद आधी आला, त्याला एकशे एक. हेडक्लार्क चंपतराव पान लावून सावकाश आले, त्यांना एकशे सात.

"मी ताराचंदच्या मांगं काहून?" चंपतराव भडकले. "मले शंभरच्या खालचा दे."

"काकाजी, ते राखीव आहेत. मशीनच्या स्वतःच्या कामासाठी."

"यष्टीत आमदाराची सीट खाली असन तं कंडक्टर बसू देतेच ना गा?"

मधुसूदनने मान तुकवली आणि रिकामा दिसला तो सत्तर त्यांना देऊन टाकला. वास्तविक सत्तर हा डेटाबेससाठी, म्हणजे सभासदांची सगळी माहिती सांभाळणाऱ्या प्रोग्रामसाठी, राखून ठेवायला इंजिनीअरने बजावलं होतं.

आठवड्याने डेटाबेस बसला, तोही सत्तर घेऊनच. आता मशीनच्या लेखी चंपतराव आणि डेटाबेस एकच. मधुसूदनच्या हे लक्षात आलं. पण चंपतरावांना पुन्हा ताराचंदच्या मागे कोण पाठवणार? चालतंय ना, म्हणून तो गप्प बसला.

पुढे मशीनमधली जागा भरत आली. "आपापल्या नावाच्या जुन्या फायली पुसा," मधुसूदननेच फर्मान काढलं. चंपतरावांनी पाहिलं, तर पडदाभर त्यांचंच नाव. इतकं काम आपण कधी केलं, याचं त्यांना नवल वाटलं. मग आज्ञाधारकपणे त्यांनी सगळं पुसलं.

दुसऱ्या दिवशी पारशिवनीचे सभासद देवाजी आले.

"तुमचं नाव मशीनमध्ये नाही," ताराचंद म्हणाला.

"काहून? माहा बगीचा तं तिथंच हाये!"

नाव कोणाचंच नव्हतं. चंपतराव पांढरेफटक पडले. "मधुसूदन, म्या पुसलं गा. एवढ्या वर्षांची नोकरी माही..."

मधुसूदनला धरणी दुभंगावी असं झालं. तो तडक अध्यक्ष गोपाळरावांसमोर गेला. मागोमाग चंपतरावही.

"साहेब, चूक माझी. राखीव नंबर मी यांना दिला."

"साहेब, हा पोरगा मले वाचवून राहिला!" चंपतराव मधेच पुढे सरसावले. "पुसलं तं मीच!"

गोपाळरावांना नंबरातलं ओ की ठो कळत नव्हतं. ते गहिवरले. "दुसऱ्याचा दोष अंगावर घेणारा माणूस आजकाल भेटते कुठं?"

मधुसूदनने पुन्हा समजावलं. जितकं समजावलं, तितका तो थोर ठरत गेला.

महिन्याभरापूर्वीची नक्कल टेपवर होती. मधली माहिती अख्खी कचेरी पुन्हा टाइप करू लागली. मधुसूदनवर कोणी डोळे वटारले असते तर बरं वाटलं असतं. पण जो तो त्याला आधी चहा देई. चंपतरावांच्या घरून त्यांच्या पत्नी सिंधूताईंनी त्याच्यासाठी पाटवडीचा रस्सा धाडला.

"काकाजी, खरंच माझीच..."

"चूप बस. खाय."

मधुसूदन खाली मान घालून जेवू लागला. रस्सा जहाल होता. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"पाहा," चंपतराव ताराचंदला हळूच म्हणाले, "किती हळवा पोरगा हाये."