सहावा फर्मा

पुस्तक माणसाचं आयुष्य समृद्ध करतं, आणि त्यासाठी ते वाचावंच लागतं असं नाही, हे आता सर्वमान्य झालं आहे.

या सत्यावर निष्ठेने उभ्या असलेल्या थोड्या संस्थांत आमच्या गल्लीतल्या लाँड्रीच्या वरच्या मजल्यावरच्या स्वतंत्र प्रकाशनसंस्थेचं नाव आदराने घ्यावं लागेल. (स्वतंत्र म्हणजे कुणावरही अवलंबून नसलेली, ग्राहकांवरही नाही.) संस्थेत प्रकाशक, त्यांची धाकटी बहीण आणि न विकलेली पुस्तकं असतात. गठ्ठ्यावर उशी टाकली की पाहुण्यांची बसायची सोय होते. कादंबऱ्यांवर पाठ दुखत नाही. कवितासंग्रह मात्र घसरतात.

संस्थेची खरी कीर्ती तिच्या शिफारशींमुळे आहे. त्यासाठी पाच नियम करून दारामागे चिकटवलेले आहेत. पहिला: शिफारस दर शुक्रवारी व्हावी, पुस्तक तयार असो वा नसो. दुसरा: तिच्यात ‘अस्वस्थ करणारं’ हे शब्द एकदा तरी यावेत, पुस्तक पाककृतींचं असल्यास दोनदा. चौथा: ज्याने आपल्या पुस्तकाची शिफारस केली, त्याच्या पुस्तकाची शिफारस महिन्याच्या आत करावी, शेजारणीची उसनी साखर परत करतात तशी. पाचवा: शेवट उघड करू नये. (हा नियम आजवर एकदाही मोडला गेलेला नाही. शेवट कुणाला ठाऊकच नसतो.)

या चोख व्यवस्थेतून पोस्टाच्या काउंटरवर काम करणाऱ्या एका बाईंची पहिली कादंबरी बाहेर आली. विषय एक स्वयंपाकघर आणि त्यातल्या सासू-सुना. बारा मान्यवरांनी शिफारस केली. एकाने ‘एका बैठकीत संपवली’ असं लिहिलं, तर एका ज्येष्ठ समीक्षकांनी ‘सहावं प्रकरण विसरता येत नाही’ असं.

लेखिकेला मात्र एकच धास्ती होती. कादंबरीतली सासू घरच्या सासूबाईंवर बेतली होती, आणि घरातलं स्वयंपाकघरही एकच होतं.

“ताई, आपलं पुस्तक आजवर कुणी वाचलंय का?” प्रकाशकांनी धीर दिला. “निर्धास्त राहा.”

लेखिका निर्धास्त राहिल्या. छापील पुस्तक त्यांनी स्वतःही उघडलं नाही; मुद्रणदोष दिसले की त्यांची झोप उडते.

मग लेखक-भेटीचा कार्यक्रम झाला. उपस्थिती चाळीस. पैकी नातेवाईक एकोणीस (सासूबाई वगळून), आपल्या पुस्तकाच्या प्रतीक्षेत असलेले लेखक अकरा, शेजारच्या सभागृहातल्या योगवर्गाला आलेले आणि उठायला संकोचलेले सहा, संस्थेची माणसं दोन, ज्येष्ठ समीक्षक एक. वाचक एक. प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून आधीच वाटलेले होते. ‘लिहिण्याची प्रेरणा कुठून मिळते?’ हा तीन चिठ्ठ्यांवर आला होता आणि तिन्ही वेळा त्याला वेगळं उत्तर मिळालं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून सासूबाईंनी हात वर केला. त्यांच्याकडे चिठ्ठी नव्हती. पुस्तक होतं.

“पान ऐंशीवर ती बाई कपाट उघडते,” त्या म्हणाल्या. “पुढे बघते तर पुन्हा पासष्टावं पान. परत तोच चहा, परत तेच भांडण, परत कपाट. मला वाटलं, माझाच चष्मा बदलायला झालाय. मग एकदम सत्त्याण्णव. तिथे ती घरातच नाही आणि सगळे तिच्याबद्दल कुजबुजतायत. सूनबाई, मी गेले कुठे?”

“ही वर्तुळाकार रचना आहे, काकू,” प्रकाशक उठून म्हणाले.

“असू दे. माझी सोळा पानं कुठायत?”

छपाईत सोळा पानांच्या घडीला फर्मा म्हणतात. बांधणीत पाचवा फर्मा दोनदा लागला होता आणि सहावा लागलाच नव्हता. साऱ्या आवृत्तीत. सहावं प्रकरण अख्खं त्याच फर्म्यात होतं. ते प्रकरण विसरू न शकणारे ज्येष्ठ समीक्षक खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागले. त्यांनी चपला घातल्या होत्या.

लेखिकेने पुस्तक उघडलं, पानं मागेपुढे केली आणि मिटलं. आता सुटका नव्हती.

“आई, तुम्ही... म्हणजे ती... कपाटातून बॅग काढते आणि समुद्र बघायला निघून जाते. कुणाला न सांगता.”

“एकटी?”

“एकटीच.”

“आणि घरचं जेवणखाण?”

“ते... बघतात ज्याचे ते.”

योगवर्गाचे सहाही जण पुढे सरकून बसले. सासूबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला.

“बरं लिहिलंयस,” त्या म्हणाल्या. “पण बॅग कपाटात नसते गं आपली. माळ्यावर असते. तेवढं दुरुस्त कर.”

पुढच्या शुक्रवारी संस्थेने ‘सोळा नव्या पानांसह विस्तारित आवृत्ती’ची शिफारस केली. बाराही मान्यवरांनी ती पहिलीपेक्षा सरस ठरवली. तिच्यात बॅग माळ्यावर आहे. घरच्या माळ्यावर मात्र ती सध्या नाही. सासूबाई समुद्र बघायला गेल्या आहेत. सांगून गेल्या. कुजबुज त्यांना आवडत नाही.

हे वाचून त्या बारा मान्यवरांचं आपल्याला हसू आलं असेल, आणि ते रास्तच आहे. फक्त एक आठवण. संस्थेचे नियम पाच, असं वर म्हटलं होतं. दिले चारच. दुसऱ्यानंतर थेट चौथा आला आणि आपण मान डोलावत पुढे गेलात. तिसरा नियम असा: शिफारशीआधी पुस्तक वाचावं. (दारामागचा तेवढा तुकडा केव्हाच गळून पडला आहे.)

ज्यांच्या ते लक्षात आलं, त्यांच्यासाठी पुढच्या कार्यक्रमात सासूबाईंशेजारची खुर्ची राखून ठेवली आहे. बाकीच्यांनी हा मजकूर चार जणांना सुचवावा. ‘अस्वस्थ करणारा’ म्हटलंत तरी चालेल.